आढे, जाते आणि वाकडा पाय : स्काय बेटावरील संसार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्काय बेटावर, ट्रॉटर्निश द्वीपकल्पातील किलमूर येथे १९६५ साली सुरू झालेले बेटजीवनाचे संग्रहालय म्हणजे शाकारलेल्या बुटक्या दगडी घरांचा एक पुंजका असून, त्यांत राहते घर, कोठार, विणकराचे घर, लोहारशाळा आणि रात्री शेजारीपाजारी गाणी-गोष्टींसाठी जमत ते ‘केली’चे घर मांडलेले आहे. येथील वस्तू क्रॉफ्टर कुटुंबांच्या, म्हणजे जमीनदाराकडून खंडाने घेतलेल्या तुटपुंज्या शेतावर आणि सामाईक कुरणावर गुजराण करणाऱ्या गेलिकभाषक कुळांच्या संसारातील आहेत. त्यांना मागासलेपणाचे अवशेष मानणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांची घडण जितकी वाऱ्यापावसाने ठरवली, तितकीच जमिनीच्या मालकीने ठरवली.

प्रथम छप्पर पाहावे. बेटावर इमारती लाकूड दुर्मीळ असल्याने समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला ओंडकाही मोलाचा ठरे. शाकारणी उडू नये म्हणून तिच्यावरून दोर टाकून त्यांच्या टोकांना दगड बांधत. दगडमातीच्या भिंती जागच्या जागी राहत, परंतु आढे आणि वासे अनेकदा कुळाच्या मालकीचे असत व घर सोडताना ते उतरवून नेले जात. मेंढ्यांच्या कुरणांसाठी एकोणिसाव्या शतकात हायलँड्समधील, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील, कुळांना बेदखल करण्यात आले, तेव्हा कित्येक ठिकाणी ही लाकडे जाळून टाकण्यात आली, यातील क्रौर्य हे की आढे गेले म्हणजे दुसरीकडे घर उभारण्याचा आधारच गेला.

शेतीच्या अवजारांत ‘कास-क्रोम’ विशेष लक्षणीय आहे. गेलिकमध्ये या नावाचा अर्थ ‘वाकडा पाय’ असा होतो. लांब दांड्याच्या वाकलेल्या टोकाला लोखंडी फाळ आणि बाजूला पाय देण्यासाठी खुंटी, अशी त्याची रचना असून, १७७३ साली बेटावर आलेले इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे. सुपीक जमीन हातची गेलेल्या कुळाच्या वाट्याला आलेल्या खडकाळ, चिंचोळ्या तुकड्यांवर घोड्याचा नांगर वळवता येत नसे, तेथे माणूस पायाच्या जोराने माती उलथी आणि बायका पाठीवरच्या टोपलीतून समुद्रशेवाळाचे खत वाहून आणीत.

जात्याची ओळख मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही. दोन गोल तळ्या, वरच्या तळीला भोक व खुंटा, आणि दळताना गाण्याची चाल, हे सारे तेथेही होते. मात्र स्कॉटलंडमध्ये जमीनदाराच्याच पाणचक्कीवर धान्य दळून घेण्याची आणि त्यापोटी दळणाचा वाटा देण्याची सक्ती असे, म्हणून घरोघरची जाती फोडण्याचे प्रकारही घडले. गाणे आणखी एका कामाला जोडलेले होते: विणलेले लोकरी कापड शिळ्या मूत्रात भिजवून बायका फळीवर तालात आपटीत, त्यामुळे त्याची वीण घट्ट होई.

प्रकाशासाठी ‘क्रूझी’ हा लोखंडी दिवा होता, ज्याच्या वरच्या पळीत माशाच्या यकृताचे तेल व लव्हाळ्याच्या गराची वात असे आणि खालची पळी ठिबकणारे तेल झेली. चुलीत ‘पीट’ जळे. दलदलीत साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर काटकोनी पात्याच्या लांब अवजाराने विटांसारखा कापून वाळवीत.

जमिनीच्या मालकीने घडवलेला हा संसार पालटला तोही जमिनीच्या लढ्यानेच. १८८० च्या दशकाच्या आरंभी किलमूर जहागिरीतील व्हॅल्टॉस गावच्या कुळांनी वाढीव खंड नाकारला. १८८२ साली याच बेटावरील ब्रेझ येथे ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांशी गावकऱ्यांची, त्यांतही बायकांची, झटापट झाली, आणि पुढच्या वर्षी क्रॉफ्टरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या लॉर्ड नेपियर यांच्या आयोगाने आपली पहिली बैठक तेथेच घेतली. त्यातून १८८६ चा क्रॉफ्टर कायदा, म्हणजे एक प्रकारचा कूळकायदाच, झाला. त्याने जमिनीवरील ताबा सुरक्षित केला, वाजवी खंड ठरवण्याची सोय केली आणि कुळाने केलेल्या सुधारणांच्या भरपाईचा हक्क दिला. भिंतीवर खर्च करणे आता वाया जाणार नव्हते, म्हणून चुनेगच्चीची, धुराड्याची नवी घरे उभी राहू लागली, आणि शेजारच्या शाकारलेल्या जुन्या घरात गुरे बांधली जाऊ लागली.