पहिल्या नोबेलचा मानकरी कारखानदार कसा झाला? (धागा)

१/ वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली एमिल फॉन बेरिंग या जर्मन संशोधकाला मिळाले. तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याने मारबुर्ग या विद्यापीठनगरात स्वतःच्या नावाचा औषधांचा कारखाना उभारला. शास्त्रज्ञाने कंपनी काढणे आज नवलाचे राहिलेले नाही. परंतु ही प्रथा किती जुनी आहे, आणि औषधाच्या श्रेयाचा व नफ्याचा वाद तिच्याइतकाच कसा जुना आहे, हे बेरिंगच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

२/ बेरिंगचा जन्म १८५४ चा, पश्चिम प्रशियातील हान्सडॉर्फ गावातला. वडील शाळामास्तर आणि घरात तेरा मुले. विद्यापीठाचा खर्च झेपणे अशक्य होते. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात शिक्षण विनामूल्य मिळे, मात्र त्या बदल्यात पुढे काही वर्षे सैन्यात नोकरी करावी लागे. बेरिंगने तो मार्ग पत्करला.

३/ लष्करी डॉक्टर असताना तो जखमांवर वापरल्या जाणाऱ्या आयोडोफॉर्मचा अभ्यास करीत होता. हे द्रव्य जिवाणूंना फारसे मारत नाही, पण त्यांनी निर्माण केलेले विष निष्प्रभ करते, असे त्याच्या ध्यानात आले. शत्रूला न मारता त्याचे शस्त्र बोथट करायचे, ही कल्पना त्याच्या पुढील सर्व संशोधनाच्या मुळाशी आहे.

४/ त्या काळी घटसर्प हा मुलांचा काळ होता. घशात करडा पडदा धरे, श्वास कोंडे आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरून जाई. श्वासनलिकेला छेद देणे हा अखेरचा उपाय. लोफ्लरने १८८४ मध्ये या रोगाचा जिवाणू वेगळा केला, आणि १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रू व येर्सिन यांनी दाखवून दिले की खरा घात जिवाणूने सोडलेले विष करते.

५/ बेरिंग याच सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या संस्थेत आला. तेथे शिबासाबुरो कितासातो हा जपानी संशोधक धनुर्वातावर काम करीत होता. त्या जिवाणूचे शुद्ध संवर्धन त्यानेच १८८९ मध्ये साधले होते. दोघांनी एका सशाला धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केले, त्याचे रक्त उंदरांना टोचले आणि मग त्या उंदरांना धनुर्वाताची लागण केली. रक्त टोचलेले उंदीर जगले, न टोचलेले मेले.

६/ डिसेंबर १८९० मध्ये दोघांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. एका प्राण्याची प्रतिकारशक्ती रक्तद्रवातून, म्हणजेच सीरममधून, दुसऱ्याला उसनी देता येते, असे त्यात सिद्ध केले होते. आठवड्याभराने घटसर्पाविषयीचा निबंध मात्र बेरिंगने एकट्याच्या नावाने छापला. अकरा वर्षांनंतर नोबेल मिळाले ते रक्तद्रव-उपचारासाठी, विशेषतः घटसर्पावरील त्याच्या उपयोगासाठी. आणि ते एकट्या बेरिंगला. कितासातोचे नाव त्यात नव्हते.

७/ शोध लागला, तरी औषध अजून दूर होते. सशाच्या रक्ताने उंदीर वाचतो. हजारो मुले वाचवायची तर रक्तद्रव आणायचे कुठून? त्यासाठी मोठी जनावरे, तबेले, चारा, माणसे आणि भांडवल हवे. १८९२ मध्ये बेरिंगने फ्रँकफुर्टजवळच्या होख्स्ट या कंपनीशी करार केला. ही कंपनी मूळची कृत्रिम रंग बनविणारी.

८/ दुसरी अडचण अधिक बिकट होती. प्रत्येक जनावराच्या रक्तद्रवाची ताकद निराळी. एका बाटलीने मूल बरे होई, तर दुसरी पाण्याइतकीच निरुपयोगी ठरे. येथे पॉल एर्लिखची बुद्धी कामी आली. विषाची मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत नेऊन जनावराकडून तीव्र प्रतिविष कसे मिळवायचे, आणि त्याची ताकद ठरावीक एककात कशी मोजायची, हे त्याने शोधून काढले. ऑगस्ट १८९४ मध्ये होख्स्टचे रक्तद्रव बाजारात आले. मोजमापावाचून ते विकणे शक्यच नव्हते.

९/ त्याच वर्षी पॅरिसमध्ये एमिल रूने घोड्यांपासून रक्तद्रव मिळवून मुलांच्या रुग्णालयात वापरले. घटसर्पाच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून सुमारे २४ टक्क्यांवर आले. ‘ल फिगारो’ या वृत्तपत्राने लोकवर्गणी उभारली आणि पाश्चर संस्थेने त्या बळावर रक्तद्रव मोफत वाटले. औषध एकच, एका देशात ते कंपनीच्या दुकानातून आले, दुसऱ्यात वर्गणीतून.

१०/ जर्मनीत मात्र पैशावरून मैत्री तुटली. एर्लिखने १८९६ मध्ये रक्तद्रव तपासणाऱ्या सरकारी संस्थेची सूत्रे हाती घेतली. जो तपासतो त्याने नफ्यात वाटेकरी असू नये, हे तत्त्व रास्तच होते. पण त्यापायी एर्लिखचा वाटा गेला आणि बेरिंग मात्र श्रीमंत झाला. आपल्यावर अन्याय झाला, ही सल एर्लिखच्या मनातून कधी गेली नाही. त्याला नोबेल मिळाले ते १९०८ मध्ये.

११/ ही सरकारी तपासणी म्हणजे नुसता उपचार नव्हता. बेरिंगला नोबेल मिळाले त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात एका घोड्याला धनुर्वात झाला. त्याचे दूषित रक्तद्रव घटसर्पाच्या रुग्णांना टोचले गेले आणि १३ मुले दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा जैविक औषधांच्या नियंत्रणाचा कायदा केला.

१२/ मारबुर्गच्या कारखान्यात बेरिंगला खरे तर क्षयरोग जिंकायचा होता. गाईगुरांसाठी त्याने काढलेली क्षयाची लस टिकाव धरू शकली नाही. माणसांचा क्षयही हाती लागला नाही. मधली काही वर्षे तीव्र नैराश्यामुळे आरोग्यधामात गेली. १९१३ मध्ये त्याने विष व प्रतिविष यांच्या मिश्रणातून घटसर्पाची प्रतिबंधक लस मांडली. पाठोपाठ महायुद्ध आले आणि खंदकांतील जखमी सैनिकांसाठी धनुर्वाताच्या रक्तद्रवाला प्रचंड मागणी आली. युद्धाने कारखाना वाढला. बेरिंग १९१७ मध्ये मारबुर्गलाच वारला.

१३/ संस्थापकामागे कारखान्याचा प्रवास नेहमीच उजळ राहिला नाही. १९२९ पासून तो आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहात होता, आणि नाझी राजवटीत बुखेनवाल्ड छळछावणीतील कैद्यांवर टायफसच्या ज्या लसींचे प्रयोग झाले त्यांत याच कारखान्याच्या लसीही होत्या. बेरिंगने जीव वाचविण्यासाठी जोडलेले नाव त्या गुन्ह्याच्या नोंदींतही सापडते.

१४/ पुढे कारखान्याचे तुकडे झाले, मालक बदलले. २०२० मध्ये त्याच परिसरातील एक प्रकल्प बायोएनटेक कंपनीने नोव्हार्टिसकडून विकत घेतला आणि २०२१ मध्ये तेथे कोविडच्या लसीचे उत्पादन सुरू झाले. या कंपनीचे सहसंस्थापक उगुर शाहीन व ओझलेम त्युरेजी हे दांपत्यही प्रयोगशाळेतून उद्योगात आलेले.

१५/ या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे रक्तद्रव बनविण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे, म्हणजे सरकारी संस्थेकडे, जात असत. हेच काम आपण का करू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्वतःची कंपनी स्थापन केली. धनुर्वाताचे प्रतिविष हे तिचे आरंभीचे उत्पादन. घोड्यांच्या तबेल्याशेजारी उभ्या राहिलेल्या त्या कंपनीच्या नावात ‘सीरम’ हा शब्द आजही आहे.