डालड्यातलं तिळाचं तेल

आजची गोष्ट एका पिवळ्या डब्याची. आजीला विचारा, तिला तो नक्की आठवेल. डालडा!

1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1932 मध्ये आपल्या मुंबईत, शिवडीला, असं वनस्पती तूप बनायला लागलं आणि 1937 मध्ये डालडा बाजारात आला. स्वस्त, टिकाऊ, दिसायला थेट तुपासारखा.

गडबड नेमकी इथेच झाली. साजूक तुपात वनस्पती मिसळलं, तर गिऱ्हाइकाला कळणार कसं? सरकारने तोड काढली ती भारी होती: वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती. तिळाचं तेल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉलच्या संपर्कात आलं की लाल रंग येतो. तूप लाल झालं की भेसळ पकडली! मला हे फार आवडतं. म्हणजे आधी लेबल डब्यावर नव्हतं, डब्याच्या आत होतं.

पण त्या रंगातून भेसळ कळायची, शरीराचं काय होतं ते नाही. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात. 1990 मध्ये मेन्सिंक आणि कॅटन या डच संशोधकांनी दाखवलं, की ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि वर चांगलं कमीही करतात. 2003 मध्ये डेन्मार्कने 2 टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे 2011 च्या नियमांत ती 10 टक्के होती, मग 5, 2021 ला 3 आणि 2022 ला 2. डेन्मार्कनंतर जवळपास 19 वर्षांनी!

आता तुम्ही काय करायचं? किराणा घेताना पाकीट उलटं करा. समोरचं 'हेल्दी' ही जाहिरात आहे, मागची घटकांची यादी हा कायदा आहे. त्यात जे वजनाने सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी लिहावं लागतं. म्हणजे बिस्किटाच्या यादीत साखर दुसऱ्या नंबरवर असेल, तर समजून जा. 'हायड्रोजनेटेड' शब्द दिसला, तर दुसरं पाकीट बघा.

हॉटेलचं काय? 10 किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना जुलै 2022 पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. दोन पदार्थांत मन अडकलं, तर तो आकडा वाचा. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला हा नियम नाही. तिथे कढईत डोकवा. तेल काळं पडलंय, फेस येतोय, धूर निघतोय? मग आज वडा राहू दे, नुसता चहा घ्या.

डब्यात काय आहे हे कळायला कधीकाळी आम्लाची बाटली लागायची. आज पाकीट उलटं करायला दोन सेकंद लागतात. तेवढे द्या की!

भेटू पुढच्या भागात.