परदेशात जाताय? एटीएम कार्डाची कामं गावातच उरकून घ्या

कृषी विभागाच्या अभ्यास दौऱ्यावर निघालेले शेतकरी, उमराहला जाणारी मंडळी, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई, दुबईला कामाला जाणारी पोरं. परदेश आता आपल्या तालुक्यांनाही लांबचा राहिलेला नाही. निघताना पासपोर्ट, व्हिसा, औषधं, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा आठवणीनं भरली जाते. पैशाचं मात्र "एटीएम आहे की खिशात" एवढ्यावर सोडून दिलं जातं. मग तिकडे उतरल्यावर मशीन कार्ड परत बाहेर ढकलतं आणि इथे घरच्यांची पळापळ सुरू होते. तोवर बँकेला सुट्टी लागलेली असते.

यातल्या बहुतेक अडचणी चोरीच्या नसतातच. निघायच्या आधी शाखेत अर्धा तास घालवला असता तर टळल्या असत्या अशाच असतात.

तुमचं कार्ड तिकडे चालतं का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या स्वाइप मशीनवर चालू असतं. परदेशातला व्यवहार बंदच असतो, तो आपण स्वतः चालू करायचा. बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये 'कार्ड' या भागात त्याचं बटण मिळतं. ॲप नसेल तर नेट बँकिंगवरून किंवा एटीएमवरून करता येतं, नाहीतर सरळ शाखेत जाऊन विचारा.

ही बटणं वेगवेगळी असतात: एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन खरेदी, आणि कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय. परदेशासाठी पहिली दोन चालू करा. ऑनलाइनचं बंद ठेवा. कारण परदेशी वेबसाइटवर पुष्कळदा ओटीपी विचारतच नाहीत. कार्डावरचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. म्हणजे कार्ड तुमच्या खिशात आणि पैसे भलत्याच्या खात्यात, असं होऊ शकतं. त्याच ठिकाणी रोजची मर्यादा ठरवायचीही सोय असते, ती गरजेपुरतीच ठेवा.

दुसरी गोष्ट, कार्ड कोणतं आहे ते बघा. आपल्याकडे जनधनचं, जिल्हा बँकेचं किंवा किसान क्रेडिट कार्डाचं जे रुपे कार्ड असतं, ते बहुतेक वेळा फक्त भारतापुरतं असतं. परदेशात चालणारं रुपे कार्ड वेगळं असतं, त्याच्या मागे डिस्कव्हर किंवा डायनर्स क्लबचं चिन्ह असतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह असलं तरी "हे परदेशात चालतं का" हा प्रश्न शाखेत विचाराच. कार्डाची मुदत कधी संपते तेही बघून ठेवा. नवीन कार्ड पोस्टानं यायला दिवस लागतात, आणि ते गावच्या पत्त्यावर येतं, न्यू जर्सीला नाही.

ज्या खात्यात उसाचं बिल येतं, त्याचं कार्ड नेऊ नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. अनेक घरांत एकच खातं असतं. त्यातच कारखान्याचं बिल, त्यातच पीक कर्ज, त्यातच घरातल्या लग्नासाठी बाजूला टाकलेली रक्कम. खात्याला एफडी जोडलेली असेल, तर खात्यातले पैसे संपल्यावर एफडीतून आपोआप रक्कम ओढली जाते. अशा खात्याचं कार्ड परदेशात कुणाच्या हाती लागलं, तर नुकसान प्रवासखर्चापुरतं राहत नाही, वर्षाची कमाई जाऊ शकते.

त्यापेक्षा वेगळं बचत खातं उघडा, त्यात प्रवासापुरतेच पैसे ठेवा आणि त्याचंच कार्ड न्या. कमी पडले तर घरून कुणी त्यात भर घालेल.

दुसरा मार्ग म्हणजे फॉरेक्स कार्ड. बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे रुपये भरायचे आणि कार्डात डॉलर, युरो जे हवं ते चलन घ्यायचं. ज्या दिवशी भरलं त्या दिवसाचा दर पक्का होतो. या कार्डाचा तुमच्या बचत खात्याशी संबंध नसतो, त्यामुळे गेलंच तर कार्डात होतं तेवढंच जातं. तोटे दोन. उरलेलं चलन परत रुपयांत करताना थोडं नुकसान होतं, आणि डॉलरचं कार्ड युरोच्या देशात वापरलं की बदलाचं वेगळं शुल्क लागतं. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही हेच सुचवू. निघण्याआधी एक विचारून ठेवा: पैसे संपले तर घरून त्यात कोण भरणार आणि त्यासाठी काय कागद लागतात?

काहीही घेतलं तरी एकाच कार्डावर विसंबू नका. दोन कार्डं घ्या, एक खिशात आणि दुसरं बॅगेत. नवरा-बायको जाणार असतील तर दोघांकडे वेगवेगळं. याला एक पक्कं कारण आहे. परदेशातले नातेवाईक ज्या मनी ट्रान्सफर काउंटरवरून आपल्याला मिनिटांत पैसे पाठवतात, ती सोय भारतात फक्त येणाऱ्या पैशांसाठी आहे. इथून तिकडे त्या काउंटरवरून पाठवता येत नाहीत. बँकेमार्फत पाठवायचे तर कागदपत्रं आणि दिवस लागतात. तोवर तिकडच्या माणसानं काय करायचं?

सिम घरी ठेवून जाऊ नका

"तिकडे तिकडचं सिम घेऊ, हे पोराकडे राहू दे" असं पुष्कळ जण करतात. मग बँकेचा ओटीपी गावात येतो आणि माणूस असतो तिकडे. पैसे गेल्याचा मेसेजही त्याला कळत नाही, यूपीआय ॲपही अडतं. बँकेत जोडलेला नंबर सोबतच हवा. दोन सिमचा फोन असेल तर एकात आपलं, दुसऱ्यात तिकडचं. जाण्याआधी कंपनीला विचारून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, आणि परत येईपर्यंत पुरेल एवढं रिचार्ज मारा. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की तिकडून सोडवणं फार त्रासाचं होतं.

यूपीआयचंही विचारतात. सिंगापूर, यूएई, फ्रान्स, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान या देशांत काही ठिकाणी ते चालतं, सगळ्या दुकानांत नाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळं चालू करावं लागतं. चाललं तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

रोख किती न्यायची?

बहुतेक देशांना जाताना एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, बाकी रक्कम कार्डात न्यायची. हज-उमराह आणि काही मोजक्या देशांसाठी नियम वेगळे आहेत. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत जवळ ठेवता येतात. परकीय चलन घेताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यावरचे पैसे खात्यातून द्यावे लागतात. तालुक्याच्या शाखेत डॉलर सहसा नसतात, जिल्ह्याहून मागवावे लागतात. म्हणून आठ-दहा दिवस आधी सांगा, विमानतळावर दर बहुधा महाग पडतो. ओळखीतला कुणी "माझ्याकडे आहेत, स्वस्तात देतो" म्हणाला तर नको म्हणा. नोट खोटी निघाली तर पावती नाही, आणि व्यवहारही बेकायदेशीर.

पशुपतिनाथ, मुक्तिनाथच्या यात्रेचं गणित वेगळं आहे. तिथे १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम मात्र तिथे बदलत आले आहेत, त्यामुळे शंभराच्या नोटा नेणंच सोयीचं.

उलट नेदरलँड्ससारख्या देशात काही दुकानं रोख घेतच नाहीत. जपानमध्ये अनेक बँकांची एटीएम परदेशी कार्ड घेत नाहीत, पण सेव्हन-इलेव्हन दुकानांतली आणि पोस्टातली घेतात.

मशीन विचारतं, "रुपयात घेऊ का?"

इथे बरेच जण फसतात. तिकडच्या दुकानात कार्ड लावलं की मशीनवर दोन पर्याय येतात: तिथल्या चलनात द्यायचे की भारतीय रुपयांत. रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं आणि आपण तेच दाबतो. पण त्या रुपयांचा दर तिकडची यंत्रणा ठरवते, आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो.

हिशोब बघा. समजा युरोचा दर १०० रुपये आहे आणि तुम्ही १०० युरोची खरेदी केली. युरोत दिलं, तर १०,००० रुपये, वर तुमच्या बँकेचं चलनबदल शुल्क साडेतीन टक्के धरलं तर ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये. एकूण १०,४१३. रुपयांत दिलं आणि तिकडच्यांनी दरात सात टक्के चढवले, तर १०,७०० तिथेच गेले. त्यावर काही बँका पुन्हा शुल्क लावतात ते वेगळंच. म्हणून नेहमी तिथलं चलन निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' किंवा 'डिक्लाइन कन्व्हर्जन' दाबायचं. व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण होत नाही.

एटीएमवर 'चेकिंग, सेव्हिंग्ज, क्रेडिट' असंही विचारतात. आपलं बचत खातं, म्हणून 'सेव्हिंग्ज'. दर वेळी पैसे काढायचं शुल्क लागतं, कधी तुमच्या बँकेचं आणि तिथल्या एटीएमचंही. त्यामुळे रोज थोडे थोडे काढू नका.

एटीएम शक्यतो बँकेच्या आतलं किंवा मॉलमधलं बघा, तेही दिवसा. कार्ड घालायची जागा हलत असेल, वर काही चिकटवल्यासारखं वाटत असेल तर पुढच्या मशीनवर जा. पिन दाबताना दुसरा हात आडवा धरा. कार्ड आत अडकलं आणि शेजारचा माणूस "पुन्हा पिन टाका, निघेल" म्हणाला तर टाकू नका, तिथेच उभं राहून ॲपवरून कार्ड बंद करा. आपल्याकडे कार्डाच्या पाकिटावर पेनानं पिन लिहून ठेवायची खोड आहे. ती निघण्याआधी खोडून टाका.

हॉटेलवाले आणि गाडी भाड्यानं देणारे अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे खात्यात दिसतात पण वापरता येत नाहीत, आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड असेल तर इथे ते द्या. रात्री खोलीत फोन आला, "रिसेप्शनवरून बोलतोय, कार्डाचा नंबर पुन्हा सांगा", तर सांगू नका. खाली जाऊन समोरासमोर विचारा.

कामाला जाणाऱ्यांसाठी

आखाती देशांत पगार बँकेमार्फत द्यायची पद्धत आहे, यूएईत तर २००९ पासून. कामगाराला पगाराचं कार्ड मिळतं. हे कार्ड आणि पिन मुकादमाकडे किंवा एजंटाकडे ठेवायला देऊ नका, "सगळ्यांची एकत्र ठेवतो" म्हणाला तरी नाही. कागदावर पगार पूर्ण जमा दिसेल आणि हातात अर्धाच येईल, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणखी एक: नोकरीसाठी परदेशात गेलात की गावातलं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. शाखेत आधीच विचारून ठेवा.

कार्ड हरवलं किंवा पैसे गेले तर

आधी ॲपवरून कार्ड बंद करा, मग फोन. १८०० नं सुरू होणारे मोफत नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. बँकेचा +९१ नं सुरू होणारा नंबर निघण्याआधी कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. नुसता मोबाइलमध्ये नको, मोबाइलच गेला तर? तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या.

घाई कशासाठी, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशोब दिवसांवर आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यावर मात्र पुढचं बँकेचं. म्हणून "गावी गेल्यावर साहेबांना भेटून सांगू" म्हणत थांबू नका. तिथल्या पोलिसांतही तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

परत आल्यावर दोन कामं उरतात. कार्डाचं परदेशी बटण बंद करा आणि पुढचे दोन महिने खात्याचा उतारा बघत राहा, कारण काही रकमा उशिरा पडतात. उरलेले डॉलर १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे परत द्यायचे असतात, २,००० डॉलरपर्यंत मात्र पुढच्या खेपेसाठी जवळ ठेवता येतात.