जुन्या फियाटमधली मुलाची जागा

भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडी नाक्याहून एक फाटा वज्रेश्वरी, गणेशपुरी करत शिरसाडला जातो. वज्रेश्वरीचे देवदर्शन आणि गरम पाण्याच्या कुंडांतले स्नान यांसाठी मुंबई-ठाण्याकडची कुटुंबे या रस्त्याने येत आली आहेत. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी होती, त्यांची गाडी बहुधा फियाट असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले.

या गाडीत पुढची सीट सलग बाकासारखी होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला होता. त्यामुळे पुढे दोघांच्या मध्ये मूल सहज बसे. तान्हे बाळ आईच्या मांडीवर, मोठी भावंडे मागे दाटीवाटीने, अशीच प्रवासाची रीत होती. मागच्या सीटला पट्टे नव्हते आणि डोक्यामागे आधारही नव्हता. मूल हातात घट्ट धरले की ते सुरक्षित, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत चुकीची होती. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर किंवा भिंतीवर आदळली, तर तिचा वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास शून्यावर येतो. त्या क्षणी १० किलोचे बाळ २०० ते ३०० किलोंच्या भाराने पुढे ओढले जाते. हे ओझे कोणत्याही आईबापाच्या हातांना पेलणारे नाही.

१९३० च्या दशकात परदेशात मुलांसाठी मोटारीतल्या खुर्च्या निघाल्या, त्या मुलाला उंच बसवून बाहेरचे दिसावे आणि ते एका जागी राहावे यासाठी. व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा आणला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी मुलाचे तोंड मागे करून बसवण्याची खुर्ची मांडली. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तोंड मागे असले की धक्का पाठीभर वाटला जातो आणि मान वाचते. युरोपात १९८० च्या दशकात ‘आर ४४’ आणि २०१३ मध्ये ‘आर १२९’ हे मुलांच्या या खुर्च्यांसाठीचे नियम आले.

भारतात पुढच्या सीटचे पट्टे नव्या मोटारींत १९९४ पासून बंधनकारक झाले, मागचे त्याहूनही उशिरा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंड होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि मागच्या सीटवरचे त्यांचे सहप्रवासी दगावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मागच्या सीटचा पट्टा किती मोलाचा, हे त्यानंतर घरोघरी बोलले गेले.

जतन केलेल्या पद्मिनीत बालआसन बसवताना आधी गाडीचा पत्रा पाहावा लागतो, कारण आसन कितीही चांगले असले तरी ते पट्ट्याला बांधलेले असते आणि पट्टा पत्र्याला. कोकणपट्टीच्या पावसात चाकाच्या कमानीजवळचा आणि मागच्या सीटखालचा पत्रा कुजतो. डेंटरने वरून पुटी-रंग मारलेला असला, तरी गाडी उचलून खालून टोचून पाहावे. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पट्ट्यासाठी ७/१६ इंची, वरच्या प्रतीचा पोलादी बोल्ट वापरतात. पत्र्याखाली रुंद, जाड पोलादी पट्टी बसवली नाही, तर धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून वर येतो. साधा वायसर येथे पुरत नाही.

पट्टा तीन टोकांचाच हवा. उंची वाढवणाऱ्या बैठकीवरच्या मुलाला फक्त कमरेचा पट्टा लावला, तर शरीर पुढे दुमडते, डोके पुढच्या सीटवर आदळते आणि पोटाला इजा होते. आसन थेट गाडीला अडकवण्याच्या, नव्या गाड्यांतल्या आयसोफिक्सच्या कड्या पद्मिनीत नसतात, म्हणून पट्ट्याने बांधता येणारे आसनच घ्यावे. ते मागच्या सीटवर ठेवावे. जुन्या सीटच्या स्प्रिंगा मऊ पडलेल्या असतात, त्यामुळे आसनावर गुडघा दाबून मग पट्टा ताणावा. पट्टा जेथून जातो तेथे आसन धरून हलवल्यास ते अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर पट्टा सैल होतो, म्हणून ही तपासणी प्रत्येक प्रवासाआधी करावी.

पत्रा पक्का करता येत नसेल, तर त्या गाडीत मूल बसवू नये. गाडीचे जतन होत राहील, मुलाचा प्रवास दुसऱ्या वाहनाने व्हावा.