रुंद पाठीच्या घोड्याला कोणते खोगीर सोयीचे?

वसई-विरार परिसरात घोडा मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे लग्नाच्या वरातीत आणि दुसरे म्हणजे सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर. दोन्हीकडे आपले लक्ष घोड्याच्या रंगाकडे, सजावटीकडे, चालीकडे जाते. खोगिराखाली काय चालले आहे ते सहसा कोणी पाहत नाही. गोल, भरलेल्या पाठीची घोडी धष्टपुष्ट दिसते, म्हणून ती आरामात असेल असेही आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशाच घोड्याला बाजारातले तयार खोगीर बसणे सर्वांत कठीण असते. न बसणारे खोगीर घोड्याची पाठ बिघडवते, मालकाचा रोजगार थांबवते आणि एखाद्या दिवशी स्वारालाही खाली पाडते.

रुंद पाठ म्हणजे काय?

घोड्याची मान जिथे पाठीला मिळते तिथे एक उंचवटा असतो. शर्यतीच्या घोड्यात तो उंच आणि अरुंद असतो, त्यामुळे पाठ समोरून घराच्या उतरत्या छपरासारखी दिसते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांतही हा उंचवटा बहुधा ठळक असतो. रुंद पाठीच्या घोड्यात तो बसका असतो, बरगड्या गोल फुगलेल्या असतात आणि पाठ आडव्या ठेवलेल्या पिंपासारखी दिसते. ठेंगण्या, दणकट टट्टूंची ठेवण अनेकदा अशी असते. काही घोडे जन्मतः रुंद असतात, तर काही खाऊन-बसून रुंद होतात. दोघांच्या खोगिराची अडचण सारखीच असते. फरक इतकाच की चरबीमुळे आलेली रुंदी ऋतूप्रमाणे बदलते.

मोठे नव्हे, रुंद हवे

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे घोडा रुंद म्हणून मोठ्या मापाचे खोगीर घेणे. खोगिरावर लिहिलेले इंचातले माप (१६, १७, १७॥ वगैरे) हे स्वाराच्या बैठकीचे असते, घोड्याच्या रुंदीचे नव्हे. मोठी बैठक म्हणजे लांब खोगीर. रुंद टट्टूंची पाठ बऱ्याचदा आखूड असते, त्यामुळे लांब खोगीर बरगड्यांच्या मागे कमरेवर जाऊन टेकते. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी जिथे कण्याला मिळते, त्याच्या मागे स्वाराचे वजन जाता कामा नये, कारण तिथे खालून बरगड्यांचा आधार नसतो.

रुंदी ठरते ती खोगिराच्या आतल्या सांगाड्यावर. लाकूड, पोलाद किंवा प्लॅस्टिकच्या या सांगाड्याला पुढच्या बाजूला उलट्या ‘व्ही’सारखी कमान असते. कमानीची दोन टोके घोड्याच्या खांद्यांमागे दोन्ही बाजूंनी उतरतात. कमान पाठीच्या उतारास समांतर असली की वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरते. ती अरुंद असली की खोगीर पुढून वर उचलले जाते, स्वार मागे कलतो आणि सगळा भार दोन टोकांवर येतो. चिमट्यात धरल्यासारखी घोड्याची अवस्था होते.

त्यात एक फसवी गोष्ट घडते. सतत दाबला गेलेला स्नायू हळूहळू सुकतो आणि खांद्यामागे खळगे पडतात. मग तेच अरुंद खोगीर ‘आता बसले’ असे वाटू लागते. खरे म्हणजे खोगीर घोड्याला बसलेले नसते. घोड्याची पाठ झिजून खोगिराच्या मापाची झालेली असते.

खोगीरभरती कामाची नाही

निरुपयोगी भरणा करण्याला मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणतात. रुंद घोड्याच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. खोगीर टोचते आहे असे दिसले की त्याखाली आणखी एक घोंगडी किंवा स्पंजची गादी घालण्याचा मोह होतो. पण चप्पल-बूट चावतो म्हणून जाड मोजे घातले तर तो आणखी चावतो. तसेच इथे होते, कारण गादी जितकी जाड तितकी कमानीतली जागा कमी.

कमान थोडी जास्त रुंद असेल तर मात्र गादीचा उपयोग होतो. जुन्या घोडदळात खोगिराखाली घडी घातलेली घोंगडी वापरत. मोहिमेत घोडे वाळले की घडी बदलून ती पोकळी भरून काढता येई. थोडक्यात, रुंद खोगीर गादीने काही अंशी सावरता येते, अरुंद खोगीर कशानेच सावरता येत नाही.

घरच्या घरी माप कसे घ्यावे?

आरेखनासाठी मिळणारी वाकणारी पट्टी किंवा साधी जाड विजेची तार पुरते.

१. घोडा सपाट, कडक जमिनीवर चारही पाय समान टेकवून उभा करावा. वाळूत किंवा उतारावर माप चुकते.

२. खांद्याचे रुंद हाड हाताने चाचपून शोधावे. त्याच्या मागच्या कडेपासून साधारण तीन बोटे मागे तार पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बसवावी.

३. तार न वाकवता उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी, आतून रेघ मारावी आणि पुठ्ठा कापावा. त्यावर तारीख लिहावी.

४. असेच दुसरे माप पाठीच्या सर्वांत खोलगट भागाचे आणि तिसरे शेवटच्या बरगडीजवळचे घ्यावे.

दुकानात घोडा नेता येत नाही, पुठ्ठा नेता येतो. तो खोगिराच्या कमानीखाली धरला की फरक लगेच दिसतो. ‘मध्यम’, ‘रुंद’, ‘अतिरुंद’ या शब्दांवर विसंबू नये. एका कारागिराचे रुंद हे दुसऱ्याचे मध्यम असू शकते.

खोगीर ठेवून तपासणी

पहिली तपासणी गादीशिवाय करावी. खोगीर थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे ते आपोआप आपल्या जागी थांबते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात:

- पुढच्या कमानीखाली तळहात वरून खाली सहज सरकतो का? एखाद्या जागी अडकला तर तिथे दाब आहे.
- मागून पाहिल्यावर कण्यावर आरपार उजेड दिसतो का? मधली पोकळी तीन-चार बोटे रुंद हवी.
- खोगीर पुढे-मागे डुलते का? की दोन टोकांना टेकून मध्ये अधांतरी राहते?
- बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यभागी आहे का?

मग तंग आवळून, स्वार बसवून हेच पुन्हा पाहावे. अर्ध्या तासाच्या सवारीनंतर खोगीर काढून घाम बघावा. ओलसर पाठीवर मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे जास्त दाब पडला असण्याची शक्यता आहे. खोगिराच्या जागी उगवलेले पांढरे केस ही जुन्या दाबाची खूण असते. तंग आवळताना कान मागे टाकणे, चावायला येणे, पाठ खाली दाबणे याला ‘नखरे’ समजू नये. ती बहुधा घोड्याची तक्रार असते.

खोगीर एका बाजूला घसरते तेव्हा

बसक्या उंचवट्यामुळे रुंद घोड्यावर खोगीर पिंपावरच्या दोरीसारखे फिरते. त्यावर तंग अधिकाधिक आवळणे हा उपाय नाही, त्याने श्वास कोंडतो आणि त्वचा सोलवटते. खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या गाद्या रुंद आणि सपाट असाव्यात, म्हणजे टेकण्याची जागा वाढते. खोगीर पुढे सरकत असेल तर शेपटीखालून जाणारी दुमची आणि मागे सरकत असेल तर छातीपट्टा उपयोगी पडतो. चढताना रिकिबीला लोंबकळण्याऐवजी स्टूल किंवा ओटा वापरावा.

सांगाड्याविनाची मऊ खोगिरे रुंद घोड्यांसाठी सुचवली जातात. पण कण्यावर पोकळी राखणारी खास गादी नसेल तर वजन थेट कण्यावर येते, शिवाय गोल पाठीवर ती अधिक फिरतात.

वजनाचा हिशेब

रुंद पाठ म्हणजे अमर्याद ताकद नव्हे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. घोड्याचे वजन अंदाजाने काढता येते: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले शरीराची लांबी (सर्व सेंटिमीटरमध्ये), भागिले ११,८७७. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो येते. त्याचा पाचवा हिस्सा ५३ किलो. त्यातून खोगिराचे ७ किलो वजा केले तर स्वारासाठी ४६ किलो उरतात. म्हणजे अशा टट्टूवर मूल बसावे, मुलाला पुढे घेऊन बाबांनी बसू नये.

किनारा, पाऊस आणि लग्नसराई

किनाऱ्यावर वाळू आणि मीठ खोगिराखाली जाऊन सॅंडपेपरसारखे काम करतात. म्हणून दर सवारीनंतर गादी झटकावी आणि पाठ गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि आतले लोकरीचे भरण गोळा होते. बोटांना गाठी लागल्या तर भरण काढून नव्याने भरून घ्यावे.

वरातीच्या घोड्या चातुर्मासात बसून असतात आणि रुंदावतात, पुढे हंगामात उतरतात. म्हणून तुळशीच्या लग्नाआधी आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जुना पुठ्ठा पाठीवर धरून पाहावा. जरीच्या झुलीखालचे खोगीरही तेव्हाच तपासावे.

खोगिरांसाठी कानपूर प्रसिद्ध आहे, तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो आणि तिथे साजही विकला जातो. कमानीची पट्टी बदलता येणारी खोगिरेही मिळतात. ज्यांच्याकडे वेगवेगळ्या बांध्याचे घोडे आहेत त्यांना ती परवडू शकतात.

पाठ सोलवटली असेल तर

जखम भरेपर्यंत खोगीर ठेवू नये. गादीला भोक पाडून जखम ‘मोकळी’ ठेवली तर दाब भोकाच्या कडेला सरकतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. जखमी, कामास अयोग्य जनावर कामाला लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

किनाऱ्यावर मुलाला घोड्यावर बसवण्यापूर्वी आपणही एक करू शकतो. मालकाला खोगीर जरा उचलून पाठ दाखवायला सांगावे. पाठ स्वच्छ असेल तर तो आनंदाने दाखवेल.