शिलकीचा प्रश्न : नामदार गोखले यांच्या करविषयक युक्तिवादाचा विचार

विठ्ठलवाडी स्थानकावर उतरून उल्हासनगरात जाणारा मनुष्य पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प’ हा शब्द व त्यापुढे आकडा उच्चारतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीचा हा भाषिक अवशेष होय. ज्या सरकारी खर्चातून अशा छावण्या उभ्या राहतात, त्या खर्चाला आळा कसा घालावा, या प्रश्नाची चर्चा विसाव्या शतकाच्या प्रारंभी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केली होती. कर उतरविल्याने सरकारचा खर्च आटोक्यात येतो काय, हे त्या चर्चेच्या आधारे पाहण्याचा येथे विचार आहे.

अमेरिकेत या मताला 1981 नंतर विशेष वजन आले. अध्यक्ष रेगन यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील भाषणात उधळ्या मुलाचा दाखला दिला : त्याला उपदेश करीत बसण्यापेक्षा त्याचा हातखर्चच कमी करावा. कर उतरले, परंतु एकंदर खर्च उतरला नाही, आणि राष्ट्रीय कर्ज मात्र वाढले.

गोखले यांची परिस्थिती निराळी होती. रुपयाचा भाव घसरल्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा बोजा वाढला, तेव्हा सरकारने कर वाढविले होते. मिठावरील कर 1888 मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. 1893 मध्ये टांकसाळी खाजगी नाणेपाडणीस बंद झाल्या व पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर स्थिरावला. बोजा हलका झाला, पण कर तसेच राहिले. दुष्काळ आणि प्लेग यांनी मुंबई इलाखा गांजलेला असताना सरकारी तिजोरीत मात्र शिल्लक पडू लागली. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गोखले यांनी या शिलकीवरच बोट ठेवले.

भाषण इंग्रजीत होते. तथापि त्याचे मर्म मराठी शब्दाने अधिक स्पष्ट होते. घरच्या जमाखर्चात ‘शिल्लक’ म्हणजे कर्त्याच्या काटकसरीचे फळ. सरकारी जमाखर्चात तीच शिल्लक रयतेकडून गरजेहून अधिक घेतलेल्या रकमेची खूण ठरू शकते. अशी शिल्लक देशाच्या भरभराटीचा पुरावा म्हणून दाखविली जाते, हा गोखले यांच्या मते आणखी एक अन्याय होता.

या मागणीला काही फळ आले. 1903, 1905 व 1907 या वर्षी मिठावरील कर टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत उतरला. प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा 1903 मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. पण खर्च थांबला काय? वाढत्या खर्चाची चौकशी व्हावी, असा ठराव 1911 मध्ये गोखले यांनाच आणावा लागला. 1915 मध्ये ते निवर्तले; पुढच्याच वर्षी युद्धखर्चाच्या दडपणाने मिठाचा कर सव्वा रुपया झाला. 1923 मध्ये विधिमंडळाने नाकारला असताही व्हाइसरॉयने विशेषाधिकाराने तो अडीच रुपयांवर नेला.

याचे कारण रेगन यांच्या दाखल्यातच सापडते. हातखर्च कमी करणाऱ्या बापाच्या हाती थैली असते. 1902 मध्ये सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे; थैली आणि खर्च करणारा हात दोन्ही सरकारचेच होते. म्हणून करकपात ही सवलत राहिली, ती अंकुश होऊ शकली नाही. अमेरिकेत थैली लोकप्रतिनिधींच्या हाती होती. पण कर्ज काढण्याची वाट मोकळी असल्याने तेथेही अंकुश लागला नाही.

शिवाय, राज्यसंस्थेचा सर्वच खर्च घटावा, असे गोखले यांचे म्हणणे कधीच नव्हते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी 1911 मध्येच मांडले. त्याला पैसा लागणार होता. त्यांचा आक्षेप खर्चाच्या आकारापेक्षा त्याच्या दिशेवर आणि त्यावरील अधिकारावर होता. केवळ करकपातीचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव घेणे म्हणजे त्यांचे अर्धेच म्हणणे सांगणे होय.

1947 मध्ये मिठावरील कर रद्द झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना विठ्ठलवाडीजवळच्या त्याच लष्करी बराकींत आसरा मिळाला, आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. कर उठला त्याच सुमारास सरकारी खर्चाची निकड येथे किती तीव्र होती, याची आठवण ‘कॅम्प’ या शब्दात राहिली आहे.