स्तोत्र म्हणायची मोकळीक आणि तिची किंमत

परवा अभ्यासिकेतल्या एका तरुणाने प्रश्न विचारला. त्याच्या आईला शेजारच्या बायकांनी स्तोत्रपठणाच्या वर्गाला बोलावले होते. रामरक्षा, अथर्वशीर्ष, विष्णुसहस्रनाम. फी नाही, जात कुणी विचारत नाही. "सर, आता तर सगळ्यांनाच बोलावतात. मग आपला विरोध कशासाठी?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर रागाने नव्हे, इतिहासाने द्यायला हवे.

धर्मशास्त्राने माणसांची उतरंड लावली तशी मंत्रांचीही लावली. वेदमंत्र द्विजांसाठी. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य हेच वचन आधार म्हणून घेतात आणि शूद्राला वेदाचा अधिकार नाकारतात. त्याच ठिकाणी ते इतिहास-पुराणे ऐकण्याची मुभा मात्र देतात. स्त्रिया आणि शूद्र यांना वेद ऐकता येत नाही म्हणून व्यासांनी दया येऊन महाभारत रचले, असे भागवत पुराण सांगते. म्हणजे खजिन्याला कुलूप तसेच ठेवायचे आणि ओसरीवर पंगत मांडायची. आज ज्याला 'सर्वांसाठी खुले' म्हणतात, त्यातला मोठा भाग या ओसरीवरचा आहे.

विष्णुसहस्रनामच घ्या. ते महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. पठणाने काय मिळते ते शेवटी फलश्रुतीत सांगितले आहे. ब्राह्मणाला वेदान्ताचे ज्ञान, क्षत्रियाला विजय, वैश्याला धन आणि शूद्राला सुख! स्तोत्र एकच, पण फळ वर्णाप्रमाणे वेगळे. शूद्राच्या वाट्याला ज्ञान नाही, सत्ता नाही, संपत्ती नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेले भाष्य तर त्याहून पुढे जाते. शूद्राला हे सुखही ऐकूनच मिळते, जपाने नाही, असे ते सांगते. आणि जे चार वर्णांच्या बाहेर ढकलले गेले, त्यांचा या यादीत उल्लेखच नाही. रोज सकाळी हे भक्तिभावाने म्हणणाऱ्या किती जणींना हा अर्थ ठाऊक असेल? अर्थ कळत नाही म्हणूनच तर ते निर्धास्तपणे म्हटले जाते.

मंत्रांची ही उतरंड छत्रपतींनाही चुकली नाही. १८९९ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असता भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. हे महाराजांच्या लक्षात आणून दिले राजारामशास्त्री भागवत यांनी. ते स्वतः ब्राह्मण आणि संस्कृत पंडित होते, हे मुद्दाम नोंदवतो. आपले भांडण माणसांशी नाही, व्यवस्थेशी आहे. वाद पेटला. महाराजांच्या घरचे संस्कार वेदोक्त पद्धतीने करायला राजोपाध्यांनी नकार दिला. टिळकांनी १९०१ मध्ये 'केसरी'तून वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लेख लिहिले. महाराज हटले नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली. राज्याचा धनी असूनही तुझ्यासाठी कोणता मंत्र म्हणायचा हे आम्ही ठरवू, असे ज्या व्यवस्थेने राजाला सुनावले, तिने आपल्या आजोबा-पणजोबांना काय सुनावले असेल?

पण इथे थांबलो तर इतिहास अर्धाच वाचला. वेदोक्ताची मागणी ही क्षत्रियत्वाची मागणी होती. ती पूर्ण झाली म्हणून महार-मांगांच्या ताटात काही पडणार नव्हते. शाहू महाराज मोठे ठरले, कारण ते मंत्रापाशी थांबले नाहीत. त्याच १९०२ साली २६ जुलैला त्यांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. वेदोक्ताने त्यांना अपमानाचे मूळ दाखवले आणि त्यावरचा इलाज त्यांनी शाळेत आणि नोकरीत शोधला.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत शिकले. १९४९ मध्ये संस्कृतला राजभाषा करावे या सूचनेला त्यांनी पाठिंबाही दिला. हा दाखला आपल्या तोंडावर नेहमी फेकला जातो. खुशाल फेका. बाबासाहेबांचा झगडा भाषेशी नव्हताच. त्यांनी धर्मग्रंथ म्हटले नाहीत, वाचले. वाचून प्रश्न विचारले. त्यातून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली आणि १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ उभा राहिला. पठण आणि वाचन यांत हा फरक आहे. पठणात मान खाली असते, वाचनात ती वर होते.

आता थोडे आपल्याकडेही बघू. विहारात आपण पालीत वंदना म्हणतो. किती जणांना तिचा अर्थ सांगता येईल? बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी मागितली, तेव्हा बुद्धांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. विनयपिटकात ही हकीकत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा मराठीत दिल्या. लाखो माणसांनी त्या उच्चारल्या आणि उच्चारताना त्यांना अर्थ कळत होता. आपण जर अर्थाविना वंदना घोकत असू, तर दुसऱ्याच्या स्तोत्रावर बोट ठेवण्याचा अधिकार आपण गमावतो.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, आईला अडवू नकोस. ती शहाणी बाई आहे. फक्त त्या फलश्रुतीचा मराठी अर्थ तिला एकदा वाचून दाखव. मग विहारातल्या वंदनेचाही अर्थ घेऊन बस. दोन्ही समजल्यावर काय म्हणायचे आणि काय नाही, ते तिचे तिला ठरवू दे. एवढा अधिकार आपल्या आयांना हजारो वर्षांत कुणी दिला नव्हता.

जय भीम!